उजेडाच्या पट्ट्यातला माणूस

‘मागे घ्या,’ जयंती म्हणाली, आणि माझं बोट रिमोटवर थबकलं. रविवारी सकाळी आमच्या घरात पूजेआधी हेच चालतं. आठवडाभरात काढलेले फोटो मी टीव्हीला जोडतो, ती चष्मा पदराला पुसून सोफ्याच्या अगदी काठावर बसते, आणि मी एकेक फोटो पुढे सरकवत जातो. ती ‘पुढे’ म्हणते, मी पुढे जातो. ‘मोठं करा’ म्हणाली तर मोठं करतो. तिची नजर आता इतकी सरावली आहे की जोहरी बाजाराच्या एका फोटोत पन्नास डोकी असली तरी तांदूळ निवडावेत तशी ती निवडून टाकते. त्यांच्यात आमचा निलय नाही हे तिला माझ्याआधी कळतं. ‘मागे घ्या’ ती सहसा म्हणत नाही. म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती आणि तिचं बोट टीव्हीच्या काचेला टेकलं होतं. खरं सांगायचं तर मला राग आला. त्या फोटोच्या पुढचा फोटो माझा होता. काल संध्याकाळपासून तो मोठ्या पडद्यावर बघायची मी वाट बघत होतो, आणि ही त्याआधीच्या टाकाऊ फोटोवर अडून बसली होती. टाकाऊच म्हणायचा तो. मी तो तिथेच, गल्लीत उभ्याउभ्याच पुसून टाकला असता, पण आमच्या घरचा नियम आहे की जयंतीनं पाहिल्याशिवाय काहीही पुसायचं नाही.

फोटो खजानेवालों के रास्त्यातला होता. जयपूरच्या चांदपोल दरवाज्याच्या आतली ही मूर्तिकारांची गल्ली. दोन्ही बाजूंना संगमरवराची दुकानं, हवेत पांढरी पूड, आणि दाराबाहेर ओळीनं उभे केलेले देव, कुणाला अजून नाक नाही, कुणाला डोळे नाहीत. संध्याकाळी थोडा वेळ दोन इमारतींच्या मधून उन्हाचा एक पट्टा तिरपा आत येतो आणि एका दुकानाच्या भिंतीवर पडतो. त्या भिंतीला टेकून एक अर्धवट घडवलेली बाईची मूर्ती उभी आहे. तिला चेहरा नाही, नुसता गुळगुळीत दगड. ऊन तिच्यावर पडतं तेव्हा बाकी गल्ली काळोखात बुडते. हा फोटो मला हवा होता, आणि त्यासाठी मी बरेच शनिवार तिथे ताटकळलो होतो. कधी ढग, कधी मध्येच कुणाचा टेम्पो. काल सगळं जुळून आलं, तर नेमका एक माणूस त्या उजेडाच्या पट्ट्यात येऊन उभा राहिला. एक फोटो मी तसाच काढला, उजेडाचा अंदाज घ्यायला. मग डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीवरून न काढता मी म्हणालो, ‘भैया, ज़रा हटिए ना, फ़ोटो ले रहा हूँ।’ तो हटला. तो हटताना बोट चुकून दाबलं गेलं, तो दुसरा फोटो. आणि तिसरा माझा. मोकळा, हवा तसा.

‘हा हात बघा,’ जयंती म्हणाली. त्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं. दुकानाच्या छज्ज्याची सावली गळ्यापर्यंत उतरली होती आणि त्याच्यावर सगळं काळं होतं. गळ्याखाली निळा शर्ट. एक हात सरळ सोडलेला, दुसरा पाठीमागून वळवून त्या हाताचं कोपर धरलेलं. धरणारी चार बोटं तेवढी पुढून दिसत होती. मी ती बोटं पाहिली आणि रिमोट खाली ठेवला. निलय तसा उभा राहायचा. मिरजेच्या शाळेत प्रार्थनेला उभा असायचा तेव्हापासून. त्याच्या मुंजीच्या फोटोत, कॉलेजच्या निरोपाच्या फोटोत, पहिल्या नोकरीला निघाला तेव्हा स्टेशनवर, सगळीकडे तो आपलंच कोपर आपल्याच हातानं धरून उभा आहे. मी हसायचो, म्हणायचो, ‘पडेल की काय ते, धरून ठेवलंयस ते?’ तोही हसायचा. पण शेकडो माणसं तशी उभी राहतात, हेही मी शंभर वेळा पाहिलंय. गेल्या वर्षी शहराबाहेर बस्सीच्या एका ढाब्यावर निलयसारखा मुलगा आहे म्हणून कुणी सांगितलं, आम्ही धावत गेलो, तर तो भरतपूरकडचा निघाला. जयंतीनं डब्यातले लाडू त्यालाच खाऊ घातले आणि त्यानं आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून हसत फोटो काढून घेतला. परत येताना ती म्हणाली, ‘दिसायला नव्हता, पण लाडू तसाच खात होता.’ तेव्हापासून मी सारखेपणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

‘तोंड उजळ करा,’ ती म्हणाली. मी फोटो संगणकावर घेतला, सावली जितकी उचलता येईल तितकी उचलली. काळ्याच्या जागी करडे दाणे आले, बाकी काही नाही. हनुवटी असावी असं वाटणारं काहीतरी होतं. त्यात माझीच करणी होती. फोटो काढताना उजेडाचं माप उन्हाला धरून लावलं तर सावलीतलं सगळं काळंठिक्कर पडतं. सावलीला धरून लावलं तर सावलीतली माणसं दिसतात, पण ऊन पांढरंफटक होऊन जातं आणि फोटोची मजा जाते. पहिलं वर्षभर मी सावलीला धरून माप लावायचो. मला चेहरे हवे होते, मजेशी काय करायचं होतं? मग केव्हातरी मी उन्हाला धरायला लागलो. केव्हापासून ते मला सांगता येणार नाही. तसं कुणी ठरवत नाही. ‘पुढचा दाखवा,’ जयंती म्हणाली. पुढच्यात निळ्या शर्टाचा एक फराटा होता, उचललेला हात आणि पाठ. त्याच्या पुढच्यात भिंत, ऊन, बिनचेहऱ्याची बाई. फोटो खरोखर सुरेख आला होता आणि तो तसा आलाय हे त्याही क्षणी मला जाणवलं. ‘गेला कुठं?’ तिनं विचारलं. ‘गेला,’ मी म्हणालो. मीच त्याला जायला सांगितलं हे मी बोललो नाही.

लोक बदली मिळवायला खटपट करतात ती महाराष्ट्रात परत जायला. मी विमा कंपनीतला पंचावन्नी उलटलेला माणूस, सांगलीची खुर्ची सोडून जयपूर मागितलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना वाटलं की माझं डोकं फिरलंय. उत्तमराव म्हणून आमचे वरिष्ठ होते, त्यांनी दार लावून विचारलं, ‘जनार्दन, तिकडं तुझं कोण आहे?’ मी म्हणालो, ‘मुलगा आहे.’ ते म्हणाले, ‘मग बरोबर आहे.’ खोटं बोललो नाही. निलय गुरगावला नोकरीला होता. एका सोमवारी तो कामावर गेला नाही, खोलीवरही नव्हता. कपाट नीट आवरलेलं होतं, चावी मालकाकडे दिलेली होती. त्याचा फोन शेवटचा चालू होता तो जयपुरात, सिंधी कॅम्पच्या बसस्थानकाजवळ, एवढं पोलिसांनी शोधून दिलं. त्यानंतर काही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. माणसाला निदान धरायला काहीतरी मिळतं, की मी अमुक बोललो, तो तमुक बोलला. आमच्यात कधी आवाज चढला नाही. आदल्या रविवारी तो फोनवर आईला भरली वांगी कशी करायची ते विचारत होता, आणि मला म्हणाला, ‘बाबा, गुडघा कसाय?’ मी म्हणालो, ‘बराय.’ ह्यात काय चुकलं ते शोधण्यात तीन वर्षं होत आली. प्रेम नव्हतं का त्याला आमचं, की इतकं होतं की काही सांगवलं नाही, की आम्ही त्याच्या हिशेबातच नव्हतो? मी दाव्यांच्या विभागात आयुष्य काढलं आहे. हरवलेल्या माणसांच्या बायका समोर येऊन बसायच्या आणि मी समजुतीच्या आवाजात सांगायचो, ‘सात वर्षं काही ठावठिकाणा लागला नाही, तर कायदा माणूस गेला असं धरतो. तोवर थांबावं लागेल.’ त्या बायका माझ्याकडे कशा बघायच्या ते मला आता कळतं. आता जयपुरातल्या झालान्याच्या ऑफिसात तशी कुणी आली की मी फाईल शेजारच्या टेबलावर सरकवतो आणि खिडकीतून जंगलाकडे बघत बसतो.

जयपुरात आल्यावर पहिले काही महिने मी त्याचा फोटो घेऊन फिरलो. जुन्या शहराच्या तटाच्या आत, रामगंजला, स्टेशनवर, धर्मशाळांतून. हातात फोटो घेऊन फिरणाऱ्या बापाला माणसं टाळतात. दुरून येताना दिसलो की पानवाला दुसरीकडे वळायचा. दुःख अंगाला लागेल असं वाटतं लोकांना, आणि त्यांचं चूक नाही, मीही टाळलं असतं. मग एकदा ऑफिसातल्या कुणाच्या तरी निवृत्तीसाठी आणलेला कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि मी छोट्या चौपडीच्या चौकातून चाललो होतो, तर तोच पानवाला हसला आणि केसांवरून हात फिरवून म्हणाला, ‘हमारी भी खींच लो, साब।’ मला तिथल्या तिथे उमगलं. रस्त्यावर परक्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं तर मार बसेल, पण कॅमेरा असला की माणसं आपण होऊन तोंड पुढे करतात. मी कॅमेरा घेतला. रोज ऑफिस सुटलं की गावात, शनिवारी दिवसभर. नव्या शहरात आलेली माणसं हवामहाल बघतात, मी बरामद्यांच्या खालची माणसं बघितली. त्रिपोलियाचे भांडेवाले, किशनपोलचे सायकलवाले, सकाळी चौकात कामाच्या आशेनं उभे राहणारे मजूर, पतंगवाले, लाखेच्या बांगड्यांच्या भट्टीपुढे घामेजलेले पुरुष. दर आठवड्याला शेकडो चेहरे मी घरी आणायचो आणि जयंती ते निवडायची. आम्ही दोघं त्या काळात जवळजवळ सुखी होतो, असं मी म्हटलं तर लोक शेण घालतील तोंडात. पण काम होतं आणि ते दोघांचं होतं.

बिघडलं ते चाकसूला. शीतलामातेच्या जत्रेला राजस्थान लोटतो, तर तिथे चेहरेच चेहरे मिळतील म्हणून आम्ही पहाटे निघालो. जयंतीनं आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न डब्यात घेतलं होतं, तिथली रीतच तशी, देवीला शिळंच लागतं. ती निलयचा फोटो पदराखाली धरून रांगेत उभी राहिली आणि मी टेकडीच्या पायऱ्यांवर गर्दी टिपायला लागलो. आणि मग धुळीतून एक लाल ओढणी वर येताना दिसली. नुसती लाल ओढणी, मागे सगळी मातकट टेकडी. मी तिच्यामागे गेलो. ती बाई वळेल, वारा येईल, ओढणी फुगेल, म्हणून वाट बघत राहिलो. ती ओढणी मिळाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यानंतर किती वेळानं मला आठवलं की मी कशासाठी आलो होतो. आजूबाजूनं शेकडो तरुण मुलं गेली असतील, मी एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या रविवारी जयंती म्हणाली, ‘ह्यात माणसं कमी आहेत.’ मी म्हणालो, ‘गर्दीत धक्के लागत होते.’ तो फोटो मी इंटरनेटवर कुठेतरी टाकला आणि तिथून सलोनी नावाची मुलगी माझ्या मागे लागली. शनिवारी सकाळी कॅमेरे घेऊन जुन्या शहरात फिरणाऱ्या पोरापोरींचा तिचा गट आहे. ‘अंकल, आपकी आँख कमाल की है,’ ती म्हणाली. मला माझ्या वयात कुणी असं काही म्हणालेलं नव्हतं. मला ते आवडलं. ती म्हणाली, ‘एक बात बोलूँ? आप फ़्रेम में बहुत लोग भर लेते हो। थोड़ा ख़ाली रखो, ख़ाली करना सीखो।’ मी शिकलो. निलयचं मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्यासमोर मी नुसता चांगला डोळा असलेला माणूस होतो, आणि आठवड्यातून दोन तास तसं असणं मला हवं होतं. महाराष्ट्र मंडळात गणपतीला कुणी विचारतं, ‘मुलं काय करतात?’ जयंती म्हणते, ‘एकच मुलगा. बाहेर असतो.’ सलोनीनं तेवढंही विचारलं नाही.

जयंतीनं पूजा केली नाही. कुकरही लावला नाही. ‘चला,’ म्हणाली. मी म्हणालो, ‘आज रविवार, बाजार बंद असेल.’ ‘बंद तर बंद. भिंत तर असेल ना?’ आम्ही गेलो. शटर सगळी खाली होती, गल्लीत एक कुत्रं झोपलं होतं, देव आत घेतलेले होते, पण ती मूर्ती जड म्हणून बाहेरच राहिली होती, गोणपाटानं झाकलेली. जयंती त्या भिंतीपाशी गेली. तिनं जमिनीकडे पाहिलं. संगमरवराच्या पुडीत चपला-बुटांचे ठसे होते, असंख्य, एकावर एक. ती वाकून ते बघत होती, जसं काही त्यातला एक तिला ओळखू येणार होता. मला तिथे उभं राहवेना. मला भीती वाटत होती ती तिथलं कुणी भेटेल ह्याची. त्या भिंतीसमोरच्या दुकानाचा मालक माझ्या मागेच गादीवर बसलेला होता काल, त्यानं सगळं पाहिलं असणार, ऐकलं असणार. घरी आल्यावर मी म्हणालो, ‘उद्या ऑफिसातून मी एकटाच जाऊन येतो. तुला दगदग नको.’ तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ‘मी सकाळपासून तयार असेन,’ म्हणाली. रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. मी स्वतःला एकच गोष्ट विचारत होतो. माणूस आपल्यापासून चार हातांवर उभा होता. मी त्याला पाहिलं, अगदी नीट पाहिलं, तो फोटोत कुठे येतोय ते, त्याच्या खांद्यामुळे मूर्तीची किती बाजू झाकली जातेय ते. मी त्याला एवढं पाहिलं आणि तो कोण आहे ते पाहिलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत आहे हे त्या म्हणीतल्या बाईला नंतर कळतं तरी. मला ते कधी कळणार?

सोमवारी दुकान उघडं होतं. मालक जाडजूड, केसांना कलप, कानाला मोबाईल. मला पाहिल्याबरोबर हात वर करून म्हणाला, ‘आओ साब, मिल गई आपकी फ़ोटो?’ जयंतीनं माझ्याआधी आपला फोन पुढे केला. निळा शर्ट, कोपर, काळं तोंड. ‘भाईसाब, इसे जानते हैं आप?’ तिचं हिंदी अजूनही मिरजेचं आहे, पण त्या दिवशी एकही शब्द अडला नाही. मालकानं फोन लांब धरून पाहिला. ‘नाम-वाम तो नहीं मालूम, बहनजी। पर ये तो इनका ही आदमी है ना?’ त्यानं माझ्याकडे हनुवटी केली. ‘इनका?’ जयंतीनं विचारलं. ‘हाँ। ये जब भी आते हैं, ये भी आता है। उधर नल के पास खड़ा रहता है। ये जाते हैं, तो ये भी चला जाता है। हमने सोचा साब का कोई होगा, झोला-वोला उठाने वाला।’ जयंतीनं भिंतीला हात टेकला. मी नळाकडे पाहिलं. नळ माझ्या उभं राहायच्या जागेच्या नेमका पाठीमागे होता. मी इतके शनिवार भिंतीकडे तोंड करून उन्हाची वाट बघत होतो, एकदाही मागे वळायची गरज मला पडली नव्हती. ‘परसों पास आ गया था,’ मालक सांगत होता, ‘बिल्कुल सामने आके खड़ा हो गया, इनके मुँह के सामने। मैंने सोचा कुछ कहेगा। फिर आपने हटा दिया ना, साब।’

जयंती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ओरडायला हवंच होतं. तिनं विचारलं, ‘तुम्ही बोललात त्याच्याशी?’ ‘हटिए म्हणालो. डोळा आत होता माझा, जयंती. मी कुणाला बोलतोय ते...’ ती मान हलवत राहिली, एखाद्या यंत्राची माहिती ऐकून घ्यावी तशी. मग पुन्हा मालकाकडे वळली आणि तिनं जे विचारलं ते ऐकून मला रडू फुटलं. ‘पैर में क्या था? चप्पल?’ ‘जूते थे, बहनजी।’ ‘कपड़े साफ़ थे?’ ‘साफ़ थे। ठीक-ठाक लड़का है, नशे-वशे वाला नहीं लगता।’ ‘दुबला है?’ ‘आजकल के लड़के सब दुबले हैं।’ ‘गुस्सा हुआ, जब इन्होंने हटाया?’ मालकानं आठवून पाहिलं. ‘ना। गुस्सा काहे का? ऐसे हाथ किया, जैसे कहते हैं ना, माफ़ करना, और निकल गया। छोटी चौपड़ की तरफ़।’ तिनं आमचा नंबर लिहून दिला, तो पुन्हा दिसला तर लगेच फोन करा म्हणून हात जोडले. मालकानं पाणी मागवलं. ती घटाघटा पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि हसली. किती दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. ‘आहे हो,’ ती म्हणाली. ‘जिवंत आहे. बूट घालतोय.’

परतताना रिक्षात ती सारखी बोलत होती. शनिवारी आपण दोघांनी येऊन बसायचं. तिनं दुकानात बसायचं, मी नेहमीसारखं उभं राहायचं, म्हणजे तो येईल. कॅमेरा न्यायचाच, नाहीतर तो बिचकेल. भरली वांगी करून न्यायची. शर्टाचा रंग त्याला शोभतो, निळा त्याला पहिल्यापासून शोभतो. इतके शनिवार येत होता म्हणजे त्याचं आपल्यावरचं मन गेलेलं नाही, नाहीतर कशाला आला असता? लांबून बघत होता, धीर करत होता, आणि परवा त्याचा धीर झाला. मी हो हो म्हणत होतो. मला तिच्या बोलण्यात कुठेतरी आसरा मिळत होता, ती मला दोष देत नव्हती, आणि मी त्या दयेवर जगायला तयार होतो. अजमेरी गेटला सिग्नलवर रिक्षा थांबली. शेजारी एक उंटगाडी होती, मागे भोंगे वाजत होते. जयंती बोलता बोलता थांबली. तिच्या तोंडावरचा तजेला मावळत गेला, आणि ती काहीतरी मोजत असल्यासारखी समोर बघत राहिली. रिक्षा सुटली, रामनिवास बाग मागे पडली, टोंक रोड लागला. मग ती म्हणाली, ‘अहो, तुमचा डोळा त्या खिडकीत होता, तुम्हाला दिसलं नाही, हे त्याला कुठं माहीत?’

‘तो तोंडासमोर येऊन उभा राहिला,’ ती हळू म्हणाली. ‘तुम्ही त्याचा फोटो काढला. म्हणजे पाहिलंत. आणि मग म्हणालात, बाजूला व्हा.’ तिनं माझा हात धरला, रागानं नाही. ‘त्याला वाटलं असेल, बाबांनी ओळखूनच म्हटलं.’

मला वाटतं, माझ्या आयुष्यात ह्याच्याइतकं खरं वाक्य मला कुणी ऐकवलेलं नाही. मी ते उलटसुलट करून पाहिलं, दाव्यात फट शोधावी तशी फट शोधली. एक तर त्याला असं वाटलं असेल की बापानं ओळखलं आणि दूर केलं. नाहीतर असं वाटलं असेल की बाप समोरासमोर ओळखतसुद्धा नाही. ह्यातलं कुठलं वाटलेलं मला चालेल? मला दोन्ही चालत नव्हतं. माफ करा असा हात करून तो गेला होता, आणि आता तो त्या नळापाशी येणार नाही, ह्या शनिवारी नाही, कुठल्याच शनिवारी नाही, हे मला त्या रिक्षात पुरतं कळलं होतं. एवढी वर्षं मी ह्या गावातल्या प्रत्येक तोंडात तो असावा म्हणून बघत आलो. बस्सीच्या ढाब्यावरच्या परक्या पोरातसुद्धा मी तो मागितला. आणि आता पहिल्यांदा, अगदी काकुळतीला येऊन, मला वाटत होतं की तो निळा शर्टवाला निलय नसावा. कुणी मजूर असावा, चोर असावा, माझ्या कॅमेऱ्यावर डोळा ठेवून असलेला कुणी उचल्या असावा. माझा मुलगा अजून हरवलेलाच असावा. देवाकडे मी काही मागत नाही, पण मी तेवढं मागत होतो.

‘पण तोच होता ना?’ जयंतीनं विचारलं. हा प्रश्न तिनं मला ह्या शहरात कितीदा विचारला असेल, आणि दरवेळी तिला कुठलं उत्तर हवं आहे ते तिच्या आवाजात आधीच ऐकू यायचं. मी नाही म्हटलं की ती भांडायची, कान बघा म्हणायची, कपाळ बघा म्हणायची, घरी येईपर्यंत भांडायची आणि जेवायची नाही. आज तिच्या आवाजात मला काही ऐकू येईना. तिनं माझा हात सोडला नव्हता. मालवीय नगरचं वळण आलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘तो निलय नव्हता. त्याचे खांदे असे नव्हते.’

मी थांबलो, तिला बोलायला जागा ठेवून. जयंतीनं वाद घातला नाही.